शुक्रवारचा सूर्य अकरा वाजता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ माननीय चंद्रभानजी राऊत साहेब, आदरणीय प्राचार्य महोदय, आमच्या भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. शेखर वाघमोडे सर, सहकारी बंधुभगिनींनो, विद्यार्थ्यांनो, पहिल्या रांगेत बसलेल्या नसीमबानो भाभी, आणि व्यासपीठावरची ही मधली रिकामी खुर्ची, सर्वांना माझा नमस्कार.

खुर्चीला नमस्कार केला म्हणून हसलात. हसा. ज्यांचा निरोप समारंभ आहे, ते आमचे प्रयोगशाळा परिचर अब्दुल रहीमभाई त्या खुर्चीवर नाहीत. का नाहीत? कारण आज शुक्रवार आहे आणि घड्याळात सव्वा वाजलाय. एकतीस वर्षं हा माणूस शुक्रवारी या वेळेला जुम्म्याच्या नमाजला जातो. आणि आपण त्यांचा सत्कार कधी ठेवला? शुक्रवारी, दुपारी एक वाजता! पत्रिका छापली, मंडप दिला, हार आणले. एकालाही सुचू नये? मघाशी कार्यालयातून निरोप आला, "मॅडम, रहीमभाई येतपर्यंत भाषण ताणा." ठीक आहे. ताणते. माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

मी अकोल्याची. माझे वडील शेषराव जनता बाजारात भाजी विकायचे. इथे अमरावतीला नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात रहीमभाईंनी मला गच्चीवर नेलं. जुनी दुर्बीण, तिच्यातून पांढऱ्या पुठ्ठ्यावर पडलेली सूर्याची ताटलीएवढी प्रतिमा, आणि त्यावरचे डाग पेन्सिलीने वहीत उतरवणारे रहीमभाई. रोज मधल्या सुट्टीत, एक वाजता. १९७८ पासून. रविवारी सायकलने येऊन. आभाळ असलं तर पान कोरं सोडत नाहीत, 'आभाय' असं लिहून तारीख टाकतात. एका ईदच्या पानावर शीरखुर्मा सांडलाय. त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल करून त्यांनी लिहिलंय, 'हा सूर्यावरचा नाही.'

आणि खोडरबर त्या गच्चीवर वर्ज्य. मी एकदा चुकीच्या जागी डाग काढला आणि रबर शोधू लागले, तर म्हणाले, "मॅडम, खोडाचं नाही. आडवी रेघ मारा, बाजूले बरोबर काय ते लिवा, अन् सही करा. ज्यानं चूक केली त्यानंच सही कराची."

दोन वर्षांपूर्वी पाऊस रुसला होता. गेटवर पालक विकणाऱ्या माणिकबाईंनी त्यांना विचारलं, "रहीम, सूर्यावर डाग वाढले तं पानी येते का?" ते म्हणाले, "मावशी, ते मले मालूम नाही. मी पाह्यतो तेवढंच सांगतो." बाई म्हणाल्या, "तुया सायेबाले तं न पाह्यताच समदं मालूम रायते!" माणिकबाईंना जे कळलं होतं, ते आम्हा डॉक्टरेटवाल्यांना कळायला आंतरराष्ट्रीय परिषद भरवावी लागली.

मागच्या डिसेंबरात आपल्या संस्थेने अकोल्यात खगोलभौतिकीची परिषद घेतली. नऊ देशांचे पाहुणे आले. वऱ्हाडात त्या दिवसांत कॅमेरे यायचे ते फक्त शेतकऱ्यांच्या मरणाच्या बातम्यांसाठी. म्हटलं, चला, एकदा तरी आपलं नाव दुसऱ्या कारणाने निघेल. रहीमभाईंनी एकोणतीस वह्या कापडात बांधून एसटीने आणल्या, तीन तास मांडीवर धरून. आणि अकोल्यात त्यांना काम काय दिलं? दाराशी उभं राहून पाण्याच्या बाटल्या वाटायचं!

वाघमोडे सरांनी वह्या पडद्यावर दाखवल्या. "आमच्या विभागाची निरीक्षणं," म्हणाले. पोर्तुगालहून आलेल्या डॉ. हेलेना उठल्या. त्यांनी रात्रभर वह्या चाळल्या होत्या. त्यांचा साधा प्रश्न होता: सगळी चित्रं एक वाजताची आहेत, मग शुक्रवारची तेवढी अकराची का?

सर म्हणाले, "लोडशेडिंग."

अहो, आपल्याकडे बारा-बारा तास लाइट नसते हे मान्य. लग्न मोडलं तरी आपण लोडशेडिंगवर ढकलतो. पण सूर्य पाहायला लाइट लागते का? त्या दुर्बिणीला वायरच नाही! आणि अठ्ठ्याहत्तर साली कुठलं आलं शुक्रवारचं लोडशेडिंग? सभागृह हसलं. दारात बाटल्या घेऊन उभा असलेला माणूस मात्र हसला नाही. उत्तर त्याच्याजवळ होतं, आणि त्याला कुणी विचारलं नाही. सूत्रसंचालन करत होते मी. माइक माझ्या हातात होता. मी म्हटलं, "आता चहापान."

राग सरांचा येतो, त्याहून जास्त माझा येतो. कारण पुढचं पाप माझ्या हातचं आहे. डॉ. हेलेनांनी या नोंदी जगाच्या संग्रहात घ्यायच्या ठरवल्या आणि फॉर्म पाठवला. त्यात एक रकाना आहे, निरीक्षकाचं नाव. सोबत त्यांनी लिहिलंय की प्रत्येकाची नजर वेगळी, कुणाला बारीक डाग दिसतो, कुणाला नाही. म्हणून ज्याचे डोळे, त्याचंच नाव हवं, नाहीतर नोंदी जुळत नाहीत. वाघमोडे सरांनी सांगितलं, "माझं नाव टाका." मी टाइप केलं. तीन आठवडे झाले, फॉर्म अध्यक्ष महोदयांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. सोमवारी टपालात पडला पाहिजे. काल मी तो मागून आणला. हा पाहा.

नसीमबानो भाभींना मी विचारलं, रहीमभाई घरी कधी काही बोलले का? त्या म्हणाल्या, "बोलले ना. म्हने, नाव नसलं तं नसू द्या, पर लोडशेडिंग काहून म्हनलं? माह्या नमाजची येळ हाये ते. खोटी नोंद झाली." बघा. स्वतःचं नाव गेल्याचं दुःख नाही, नोंद चुकल्याचं आहे.

आले. या रहीमभाई, या. बसा खुर्चीवर. टाळ्या नंतर वाजवा हो, माझं संपू द्या.

अध्यक्ष महोदय, हा फॉर्म फाडू नका. नवा टाइप करायलाही सांगू नका. सरांच्या नावावर मी आडवी रेघ मारली आहे, शेजारी 'अब्दुल रहीम' लिहिलं आहे, आणि टाइप मी केला होता म्हणून खाली माझी सही केली आहे. शुक्रवारच्या वेळेपुढे 'जुम्म्याची नमाज' असंही लिहिलं आहे. आता दोन सह्यांची जागा रिकामी आहे, एक वाघमोडे सरांची, एक आपली.

आपण मला बोलू दिलंत, ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. काही अधिकउणं बोलले असेन तर मोठ्या मनाने पोटात घाला. मात्र माझं बोलणं इतिवृत्तातून खोडू नका. चूक वाटेल तिथे रेघ मारा, बरोबर काय ते लिहा आणि सही करा.

पेन इथे ठेवते, सर. रहीमभाई बघताहेत.