पायरीवरचे बूट

राव, आमच्या चाकणच्या कॉलेजात चोरी होतच नाही, माहितीये? पार्किंगमधून गाडी गेली, की प्राचार्य म्हणणार, "पार्किंग गेटच्या बाहेर आहे, ते कॅम्पसमध्ये धरू नका." त्यामुळे अहवालात गुन्हे दरवर्षी शून्य!

यंदा कॉलेजला ग्रेड देणारी समिती तपासणीला आली. सरस्वतीपूजनासाठी सगळ्यांनी हॉलबाहेर बूट काढले. पूजा आटोपली, तर समितीच्या अध्यक्षांचे नवे कोरे बूट गायब!

"आता हा गुन्हा अहवालात येणार ना?" त्यांनी विचारलं.

प्राचार्य सवयीने बोलून गेले, "सर, बूट पायरीवर होते. पायरी आम्ही कॅम्पसमध्ये धरत नाही."

मी डोळेच मिटले. म्हटलं, गेली आपली ग्रेड! अध्यक्षांनी मात्र हसत हसत प्राचार्यांचे बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि म्हणाले, "हेही पायरीवरच होते."