बाजूचं दार

गुडघ्याच्या डॉक्टरांकडे मी नंबराची वाट बघत होते. शेजारी काठी धरलेले एक म्हातारबाबा आणि त्यांची लेक.

"बाबा, माझ्या लग्नाच्या दिवशी आपण चर्चच्या बाजूच्या दारानं जाऊ. तिथून वेदी जवळ पडते."

"नवरी बाजूनं शिरते? मग बॅसिलिकेला पुढचं दार कशाला ठेवलंय?"

"जुन्या रोमन बॅसिलिकांना लांबीच्या बाजूलाच दारं असायची. तूच सांगायचास."

"तेव्हा तिथं कोर्ट भरायचं, फुल्विया! काडीमोड घ्यायला जाशील तेव्हा शीर बाजूनं."

"पण मला हाताला धरून वेदीपर्यंत एवढं लांब चालवेल तुला?"

"दोन्हीकडे खांब आहेत की. जुन्या रोमन देवळांतून उचलून आणलेले, एकासारखा एक नाही, पण अख्खं छप्पर पेलतायत. दर खांबाला जरा टेकेन."

"आणि ओर्तेन्सियाआत्या म्हणेल, हा सारखा थांबतोय का?"

"रुमाल काढून रडल्याचं नाटक करीन. गुडघ्याकडे कुणाचं लक्षच जाणार नाही."

"करून दाखव बघू."

"इथं? लोक बघतायत."

"दाखव ना."

"हा घे रुमाल काढला. आता हा असा डोळ्यांना..."

"छान जमतंय... बाबा? अरे बाबा, पुरे आता. अजून पहिला खांबसुद्धा आला नाही."