बॉनेटवरची राख

फिलूमावशी, गिरीज. तिने सांगितलं, तसं उतरवून घेतलं आहे.

बस्त्यावचा हात लागला की जुनी गाडी बी नवरीसारखी होते, असं आमच्या यांचं कौतुक तुझे पप्पा त्या पाहुन्याला सांगत होते, आनि मी गाडीच्या पलीकडे चाकापाशी उकिडवी बसले होते, मेनाचा डबा पायाशी, हात कोपरापर्यंत काळे. त्या दोघांना मी दिसत नव्हते. पाहुना मुंबईचा, जुन्या गाड्या घेनारा-विकनारा, तुमची गाडी बघायला आलेला. मी मान खाली घालून चाकाची कड पुसत राहिले. दहा-अकरा वर्षं हेच ऐकत आले होते, मग त्याच दिवशी काय झालं म्हनून विचारतेस, तर बाय, ते सांगायला मला पार माहेरापासून निघावं लागेल. वेळ आहे ना तुला?

माझं माहेर मिठागराच्या कडेचं. बाबा मिठागरावर, आय मिठागरावर, हात पुरायला लागले तशा आम्ही पोरी बी तिथेच. मीठ काय करतं ते तुम्हाला शाळेत इंग्रजीतून शिकवलं असेल, पन आम्ही ते दाराच्या कडीवर बघितलं, खिळ्यावर, विळीवर, पान्याच्या हंड्यावर, सगळ्याला मीठ खातं. आनि आयचं औषध एकच, चुलीतली राख आनि नारळाचा काथ्या, आनि जोर. तोंड दिसेपर्यंत घास, म्हनायची. मला दुसरं काही येत नव्हतं, हे मात्र असं यायचं की लग्न होऊन गिरीजला आले, इथे केळीच्या वाड्या, गोडं पानी, तर सासूनं आठ दिवसांत माझी भांडी बघितली आनि फादरना जाऊन सांगितलं, आमच्या सुनेला देवळाचं पितळ घासायला घ्या. तेव्हापासून दर शनिवारी वेदीवरचे पितळी दिवे माझ्याकडे. रविवारी मिसाला बसले की लोक देवाकडे बघायचे आनि मी दिव्यांकडे. पाप लागलं असेल, काय सांगू तुला.

आमचे हे तेव्हा तुझ्या पप्पांचा, डॉक्टरांचा, टांगा हाकायचे. लढाईच्या दिवसांत मुंबईला जाऊन लॉऱ्या चालवून आले होते, म्हनून लढाई संपल्यावर पप्पांनी मोटार घ्यायची ठरवली तेव्हा ड्रायव्हर हेच ठरले. एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याची काळी गाडी. वापरलेली, पन काय रंग, विहिरीत वाकून बघावं तसं तोंड दिसायचं. ती खाडीतून पडावात, मोठ्या होडीत घालून आनली. वारा उलटा होता, सगळ्या खाडीचं पानी गाडीवर उडालं, आनि तुमच्या अंगनात येऊन उभी राहिली तेव्हा उन्हात वाळून पांढरी झालेली, नुसतं मीठ.

रविवारी पप्पा त्या गाडीतून मिसाला जानार होते. सगळं गाव बघनार. हे वाडीतली सगळी मानसं गोळा करून गाडीभोवती फिरले, मग दमून घरी जेवायला गेले, जेवून आडवे झाले. आनि मी बघितलं मीठ. मला काय, मीठ दिसलं की हात शिवशिवतात. म्हटलं यांचं काम हलकं करू. तुमच्याच चुलीतली राख आनली, काथ्या आनला, आनि बॉनेटला लागले. जोर लावून. तू ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होतीस, सातआठ वर्षांची, दोन वेन्या. मी तुझ्याकडे बघून हसले बी, म्हटलं बघ आता कशी चमकते. मग पानी ओतलं.

बाय, पितळ पानी ओतल्यावर हसतं. ही हसलीच नाही. सगळं बॉनेट धुरकट, मोतीबिंदूच्या डोळ्यासारखं, आनि जिथे हात फिरला तिथे ओरखडे. मी परत पानी ओतलं, परत ओतलं. पदरानं पुसलं.

हे आले, बघितलं, माझ्या हातातला काथ्या घेतला आनि केळीच्या बुंध्यात फेकून दिला. तेवढ्यात पप्पा बाहेर आले. कोनी केलं हे? आनि आमचे हे म्हनाले, मी केलं डॉक्टर, माझी चूक. मी तोंड उघडलं, तर यांनी माझ्या पायावर पाय दिला. तू ओट्यावर होतीस, तू बी बोलली नाहीस. का नाही बोललीस ते मी कधी विचारलं नाही, पन तुझं ते न बोलनं मी विसरले नाही.

पप्पा चांगले, पन त्या दिवशी लाल झाले. म्हनाले, बस्त्याव, आठ दिवसांत ही होती तशी झाली नाही तर मी मुंबईहून दुसरा ड्रायव्हर आनतो. टांगा तर विकलेला. म्हनजे आमची चूल त्या बॉनेटवर.

गावात जुजेकाका होता, तीस वर्षं मुंबईच्या गॅरेजात पॉलिशवाला, म्हातारा, दम्याचा. तो आला, बॉनेटवर बोट फिरवलं आनि म्हनाला, हे बस्त्यावचं काम नाही, बस्त्याव इतका मेहनती कधीपासून झाला? मी रडायला लागले. तो म्हनाला, रडू नको, तुझ्या डोळ्यातलं पानी बी खारंच आहे, लांब हो. असा होता तो. मग म्हनाला, रंग पितळ नाही पोरी. पितळाला भांडून घ्यायचं, रंगाला समजावून घ्यायचं.

आधी यांना शिकवायला लागला. यांचा हात स्टिअरिंगचा, मुठीत कपडा धरून दरवाजाला धडका द्यावा तसा. जुजेकाकानं कपडा काढून माझ्या हातात दिला. आनि पहिलं काय म्हनाला माहीत आहे? अंगठी काढ. लग्नाची अंगठी, फादरच्या समोर बोटात घातलेली, बाळंतपनात बी काढली नव्हती. म्हनाला, एक अंगठी एका घासनीत जेवढं नुकसान करते तेवढं तुझ्या राखेनं बी केलं नसेल. मी यांच्याकडे बघितलं. यांनी मान हलवली. ती काढून गळ्यातल्या क्रुसाच्या दोऱ्यात ओवली, ती अजून काम करताना तिथेच असते, ही बघ.

मग शिकले. गोड्या विहिरीचंच पानी, खाऱ्या विहिरीचं वाळलं की डाग. धुवायचं वरून खाली, चाकाचा कपडा वर आनायचा नाही. काम सावलीत, पन झाडाखाली नाही, चीक गळतो, पाखरं बसतात. म्हनून तुमच्या टांग्याच्या शेडमध्ये, दार लोटून. जुजेकाकाकडे गॅरेजातला अर्धा डबा रबिंग होतं, रंगावरचे ओरखडे काढायचा लगदा, ते बोटभर घ्यायचं, सासूच्या जुन्या मऊ लुगड्याचा कपडा, आनि वीतभर जागा, एवढीच, तिचे ओरखडे गेल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. चार दिवसांनी बॉनेटच्या कोपऱ्यात माझं नाक दिसलं. नुसतं नाक. मी शेडमध्ये एकटीच हसले.

वरून द्यायला मेन पाहिजे, तर मुंबईचं पॉलिश कुठून आननार? जुजेकाका म्हनाला, देवळात मेनबत्त्यांची बुडखं उरतात ना, मधमाशीचं मेन आहे ते. मी फादरकडे गेले, खरं ते सगळं सांगितलं, राखेसकट. फादर पोट धरून हसले. बुडख्यांची पिशवी देऊन म्हनाले, घे, निदान डॉक्टरांची गाडी तरी सरळ रस्त्यानं चालेल. ते मेन टर्पेंटाईनमध्ये विरघळवलं, आनि आठव्या दिवशी शेडचं दार उघडलं. पप्पा गाडीभोवती दोनदा फिरले, मग यांच्या पाठीवर थाप मारली. वा बस्त्याव.

मी काय बोलनार? चूक माझी असताना यांनी अंगावर घेतली, मग कौतुक यांच्या अंगावर पडलं तर पडू दे, असं मनाशी धरलं. मग सोपाऱ्याहून गाड्या आल्या, विरारहून आल्या, सगळ्या वापरलेल्या. बस्त्यावकडे द्या म्हनायचे. हे गाडी शेडमध्ये घालायचे, दार लोटायचे, बाहेर बसून विडी ओढायचे, आनि मी आत. यांना बी ते आवडायचं नाही. दोनदा म्हनाले, सांगून टाकू. मीच नको म्हटलं. सवय लागली होती पलीकडे बसायची.

आता माझं बरं चाललंय, देवाची दया. जुजेकाका गेला, त्याच्या नावानं मिस केली. लोक आता फिलूला बोलवा म्हनतात, आनि शेडचं दार उघडं असतं. तू बी बघ, शेवटी विचारायला आलीस, एवढी वर्षं नुसती बघत होतीस. देव तुझं भलं करो, बोलत जा बाय थोडं.

हां, तो पाहुना. तो म्हनाला, मला असाच मानूस पाहिजे गॅरेजात, आनि या बॉनेटवर हा एक डाग राहिलाय, बस्त्याव, जरा काढून दाखव बघू. आनि आमच्या यांनी, काय करनार बिचारे, कपडा घेतला. भर उन्हात. मुठीत धरला. आनि त्या मुठीत बोटातली अंगठी, बॉनेटपासून एवढ्याशा अंतरावर, त्याच बॉनेटपासून. मी चाकामागून कधी उठले मला कळलंच नाही. तू ओट्यावर होतीस, तू ऐकलंसच, तरी माझ्या तोंडून लिहून घे. मी म्हटलं, अहो, थांबा, अंगठी! ठेवा तो कपडा. डॉक्टर, तेव्हा राख मी लावली होती, आनि चमक बी मीच आनली.