आकृती तीनमधला एकशे चार

नाही, पण मला एक सांगा, माणसाला नंबर द्यायचाच असेल तर जरा बघून द्यावा की नाही? कॅमेऱ्याला शंभर. ठीक आहे, कॅमेरा म्हणजे यंत्राचा डोळा, त्याला शंभर दिला, माझं काही म्हणणं नाही. पण मग एकशे दोन कुणाला? सिंकला! आमच्या स्वयंपाकघरातल्या सिंकला, ज्याचा नळ गळतो, ज्याच्या एका कोपऱ्याला पोचा आलाय, त्या सिंकला एकशे दोन. आणि मी, छपाईच्या दुकानाचा मालक, चार माणसांत उठबस असलेला, मी सिंकच्या मागे उभा, एकशे चार. तुम्हाला सांगतो, पेटंटच्या कागदात छापलंय तसं, शिक्क्यासकट. 'आकृती तीनमध्ये दाखवलेला हरलेला वापरकर्ता, क्रमांक एकशे चार.' हरलेला वापरकर्ता म्हणजे मी. दुसरं कोण असणार.

आता हे झालं कसं, तर माझी बायको इंजिनिअर. कॅमेऱ्याच्या आत नखाएवढा एक तुकडा असतो ना, ज्याच्यावर प्रकाश पडला की त्याचं चित्र होतं, सेन्सर म्हणतात त्याला, ते सेन्सर बनवणाऱ्या कंपनीत ती कामाला. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसायचं आणि त्या तुकड्याला काय दिसतं, काय दिसत नाही, ते तपासायचं. हुशार बाई हो, त्यात वाद नाही. पण अशा बाईशी संसार करायचा म्हणजे... आपण घरी आलो की ती आपल्याकडे बघत नाही, आपल्याला तपासते. आणि तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, तो फोनवरचे खेळ बनवतो, पैजा लावून खेळायचे. हा दर रविवारी आमच्याकडे एक कल्पना घेऊन जेवायला येतो आणि जाताना कल्पना आणि खरकटी भांडी दोन्ही आमच्याकडे ठेवून जातो.

तर असाच एका रविवारी हात धुता धुता म्हणतो, "ताई, पैशाच्या पैजा म्हणजे नसत्या भानगडी गं. त्यापेक्षा कामाची पैज लावली तर? फोनवर सोंगट्या खेळायच्या, हरेल त्यानं भांडी घासायची." मी म्हटलं, छान आहे, मजा येईल. तोंडाला आवर घालायला हवा होता मी. बायको म्हणते, "पण हरलेला खरंच घासतोय का, हे कोण बघणार?" आणि दोघं बहीण-भाऊ सिंकच्या वरच्या भिंतीकडे बघायला लागले. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"प्रयोगाला कुणीतरी साधा माणूस हवा," मेहुणा म्हणतो. "ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही असा. भाऊजी, तुम्ही अगदी फिट्ट आहात."

आणि मला बरं वाटलं हो! खोटं कशाला सांगू? आपलीही कुणाला तरी गरज आहे म्हणून बरं वाटलं. तिथंच माझा एकशे चार झाला.

बसवला कॅमेरा. म्हणजे कसं, खेळ सुरू व्हायच्या आधीच आम्ही नवरा-बायको दोघांनी फोनमध्ये पैज कबूल करायची, मग माघार नाही. हरलात की तुमची सोंगटी फोनच्या पडद्यावर डोक्याला हात लावून बसणार, आणि सिंक रिकामं, चकचकीत झालेलं कॅमेऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय उठणार नाही. आणि ती कुणाकुणाला दिसणार? खेळात असलेल्या सगळ्यांना! आणि मेहुण्यानं अख्खं गणगोत खेळात घेतलेलं. माझ्या सासूबाईंना दिसायची, शाळेतल्या मित्राला दिसायची, माझ्या दुकानातल्या मशिनवाल्याला दिसायची. माझ्या आत्याचा फोन यायचा, "अरे, सकाळपासून डोक्याला हात लावून बसलायस, पोटात दुखतंय का तुझ्या?" आत्या, पोटात नाही दुखत, कुकर घासायचा राहिलाय... काय सांगणार?

आणि मी एकदाही जिंकलो नाही. एकदाही नाही! मी मेहुण्याला म्हटलं, अरे, फासा तरी सरळ आहे ना तुझा? तर मला म्हणतो, "भाऊजी, आत फासा नसतोच. आत गणित असतं." संपलं. गणितात मी शाळेपासून हरत आलोय.

मग एक दिवस काय झालं, दुधाचं पातेलं करपलं. करपलेलं दुधाचं पातेलं तुम्ही घासलंय का कधी? घासलं असेल तर मी पुढे काय केलं त्याबद्दल तुम्ही मला माफ करणार, आणि घासलं नसेल तर तुमच्याशी मला बोलायचंच नाही. खांदा भरून आला, घासणीचे तुकडे झाले, आणि पातेलं आपलं जैसे थे. मी ते पाण्यात भिजत ठेवलं आणि दुकानात जाऊन बसलो. बसल्या बसल्या समोर ते मोठं मशीन, रंग ताजे, कागद तयार... आणि फोनमध्ये आदल्या दिवशीच्या चकचकीत सिंकचा फोटो, मीच कौतुकानं काढलेला. आता मला सांगा, ज्याच्या हातात छपाई आहे त्या माणसानं काय करावं?

छापला. सिंकच्या मापाचा, एकास एक. पण नुसता छापून चालत नाही, गुळगुळीत कागद घेतला तर वरचा दिवा त्याच्यात चमकतो, म्हणून बिनचकाकीचा कागद घेतला, स्टीलच्या करड्या रंगासाठी तीनदा रंग जुळवला, पोचा आलेला कोपरासुद्धा सोडला नाही. पुठ्ठ्यावर चिकटवला, घरी आणला, पातेल्याच्या आणि नळाच्याही वर, कॅमेऱ्याच्या बरोब्बर खाली आडवा ठेवला. आणि तुम्हाला सांगतो, माझी सोंगटी उठली! डोक्यावरचा हात काढला, उडी मारली, नाचली. आत्याचा लगेच फोन, "बरं वाटलं रे बाबा." मी सोफ्यावर पाय पसरून बसलो. इतकी वर्षं छपाई करतोय, पाट्या छापल्या, पत्रकं छापली, पावतीपुस्तकं छापली, पण माझी छपाई बघून यंत्र फसलं, ही पहिलीच वेळ. त्या दोन इंजिनिअरांच्या हातावर मी तुरी दिल्या होत्या.

काही दिवस फार सुखाचे गेले. भांडी पुठ्ठ्याखाली लपवायची, ती ऑफिसला गेली की निवांत घासायची. आणि एका संध्याकाळी ती ऑफिसातून आली, पर्स ठेवली, आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "आपला नळ दुरुस्त केलास का रे?" मी म्हटलं, नाही गं, करतो उद्या. ती म्हणाली, "मग गेले तीन दिवस कॅमेऱ्याला एकही थेंब पडताना का दिसत नाही?"

बघा. जो नळ दुरुस्त कर म्हणून ती वर्षभर माझ्या मागे लागली होती आणि जो मी केला नाही, त्याच नळानं माझं पितळ उघडं पाडलं. पुठ्ठ्याच्या खाली नळ टपकतोय, आणि वर चित्रातलं सिंक आपलं कोरडंठाक. ती स्वयंपाकघरात गेली. मी जागचा हललो नाही. पाच मिनिटांनी बाहेर आली ती पुठ्ठा छातीशी धरून, डोळे चमकतायत. मला म्हणाली, "अरे, हे किती सुंदर आहे!" मला वाटलं छपाईबद्दल म्हणतेय. मी म्हटलं, करडा रंग तीनदा जुळवला. तर ती भावाला फोन लावत होती. "लगेच ये. तुझ्या भाऊजींनी लबाडी केलीय. पेटंटचं काम झालं आपलं."

दोघं जमिनीवर बसून बोलले, जेवणसुद्धा विसरले. निघालं काय, तर खऱ्या स्टीलवर उजवीकडून दिवा लावला तर चकाकी उजवीकडे पडते, डावीकडून लावला तर डावीकडे सरकते. फोटोतली चकाकी मात्र छापलेली, ती जागची हलत नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना दोन बारीक दिवे, एकदा हा लागणार, एकदा तो, आणि मधला सेन्सर बघणार, चकाकी सरकली की नाही. सरकली तर भांडी घासलेली. नाही सरकली तर... नाही सरकली तर मी.

मग पेटंटवाल्या वकीलबाई आल्या. शांत बाई, चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवणार. त्या म्हणाल्या, आकृत्या लागतील. मेहुणा म्हणतो, "भाऊजी आहेत की, दुकानात कॉम्प्युटर आहे त्यांच्या." म्हणजे बघा, माझा पंचनामा आणि तो काढायचाही मीच! आकृती एक, खेळ. आकृती दोन, कॅमेरा आणि दिवे. आकृती तीन, हातात पुठ्ठा घेऊन सिंकसमोर उभा असलेला मी. मी स्वतःला जरा सडपातळ काढलं होतं, तर बायको खांद्यावरून डोकावून म्हणते, "प्रमाणात काढ. कॅमेऱ्याचा कोन चुकेल." काढलं पोट. पोटाला बाण जोडला, बाणाच्या टोकाला लिहिलं, एकशे चार. स्वतःच्या हातानं.

पण तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, कारण वरती एक रकाना होता, शोधकर्त्यांची नावं. आता हसू नका, मनातलं सांगतो. मी आयुष्यभर लोकांची नावं छापली. डॉक्टरांची पाटी, वकिलांची कार्डं, कुणाचं दुकान उघडलं त्याचं पत्रक, कुणी निवडून आला त्याचा फलक. नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर लोक भांडायला येतात, इतकं नाव प्यारं असतं माणसाला. माझं नाव कुठं छापलंय? दुकानाच्या पाटीवरसुद्धा वडिलांचं आहे. मला वाटलं, एकदा, एकदाच, दुसऱ्या कुणीतरी माझं नाव छापावं.

वकीलबाईंना विचारलं. त्या कप ठेवून म्हणाल्या, "आपण फसवलंत. यांनी फसवणूक पकडली. पकडणारा शोधकर्ता होतो, फसवणारा होत नाही." मी म्हटलं, पण मी फसवलंच नसतं तर? "तर आपण भांडी घासली असती," त्या म्हणाल्या. बायको खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते तिचे.

गेला अर्ज. पुष्कळ दिवसांनी तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं पत्र आलं. मी त्या माणसाला बघितलेलं नाही, पण पत्र वाचताना मला त्याचा आवाज ऐकू येतो, नाकातून बोलत असणार. 'खेळावर पैज लावणे, जुने. पैज आधी कबूल करून घेणे, जुने. हरणाऱ्याची सोंगटी अडकवणे, जुने. सिंकवर कॅमेरा बसवणे, जुने.' सिंकवर कॅमेरासुद्धा जुना हो! म्हणजे कुठल्या तरी घरात माझ्यासारखा कुणीतरी आधीच उभा होता! मेहुण्याचा चेहरा उतरत चाललेला, बायको नखं खातेय, आणि शेवटी लिहिलंय, 'मात्र स्वच्छ सिंकचे छापील चित्र वापरून यंत्राची फसवणूक करणारा वापरकर्ता यापूर्वीच्या कोणत्याही कागदपत्रात आढळून आला नाही. सबब ती फसवणूक पकडण्याची पद्धत नवीन आहे.'

ऐकलंत? आढळून आला नाही! त्यानं सगळे जुने कागद पालथे घातले, आणि माझ्यासारखा माणूस त्याला सापडला नाही. त्या अख्ख्या अर्जात नवीन काय होतं, तर मी! मी उठून उभा राहिलो. म्हटलं, आता? आता तरी? मेहुण्यानं येऊन माझे दोन्ही हात धरले, "भाऊजी, तुम्ही नसतात तर..." म्हटलं, मग घाल नाव. म्हणाला, "तेवढं सोडून बोला."

मिळालं पेटंट. दोघांची नावं वर, ठळक. माझ्याच दुकानात फ्रेम झाली, आता सिंकच्या वर लावलीय, कॅमेऱ्याच्या शेजारी. भांडी घासताना मान वर केली की दिसते. नळ? नळ तसाच आहे, तो म्हणे आता दुहेरी खात्रीसाठी लागतो.

आता शेवटचं ऐका. पेटंट म्हणजे काय, मलाही माहीत नव्हतं. वकीलबाईंनी समजावलं, वीस वर्षं आपल्या परवानगीशिवाय ही दोन दिव्यांची युक्ती दुसऱ्या कुणालाही वापरता येणार नाही. नुसता कॅमेरा लावा, तो जुना, तो कुणीही लावावा. म्हणजे बाकीच्या कंपन्यांनी असले खेळ काढले, घरोघरी सिंकवर कॅमेरे बसले, पण ते सगळे साधे. फोटो ठेवला की फसतात! फोटो पकडणारा शहाणा कॅमेरा एकाच घरात. आणि दुसरी गंमत, पेटंट छापून जाहीर करतात, कुणीही वाचावं. कसा कागद घ्यायचा, करडा रंग कसा जुळवायचा, सगळं खुलासेवार, आकृतीसकट.

परवा दुकानात एक गृहस्थ आले. इकडे तिकडे बघितलं, काउंटरवर वाकले आणि हळूच म्हणाले, "एक फोटो मोठा करून हवा होता... बिनचकाकीचा." मी म्हटलं, कशाचा? तर म्हणाले, "तुम्ही आकृती तीन ना?" मी म्हटलं, ओळखलंत कसं? ते माझ्या पोटाकडे बघत होते.

आता रांग लागते हो. रोज दुसऱ्यांची सिंकं छापतो मी. अशी छापतो की थेंब पुसायला हात पुढे करावा माणसानं. आणि घरी जाऊन स्वतःची भांडी घासतो, दोन दिव्यांच्या उजेडात. कालच एक गिऱ्हाईक म्हणालं, "साहेब, इतकी सुरेख कलाकारी, खाली कोपऱ्यात तुमचं नाव का छापत नाही?"

मी म्हटलं, नाव कसं छापू बाबा... कॅमेऱ्याला दिसेल ना.