थांबून राहिलेला प्रोग्रॅम

आमच्या शेजारचा नितीन माहीत आहे ना तुम्हाला, बोलता बोलता आभाळात निघून जाणारा? तो माझ्याच टीममध्ये आहे, मेनफ्रेमवर, म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांच्या त्या अवाढव्य कॉम्प्युटरवर. दोघंही इथं कोहक्यात आपापल्या घरूनच काम करतो. परवा त्याचा प्रोग्रॅम दुपारभर नुसता थांबून होता आणि क्लायंटचे फोनवर फोन. संध्याकाळी त्याच्याकडे गेलो, तर हा खिडकीशी उभा राहून पोलादाच्या प्लांटकडचं लाल आभाळ बघत होता. प्रोग्रॅमसारखाच.

"फाईल मोकळी आहे का, एवढंच विचारायचं होतं ना सिस्टिमले? मंग हा थांबून कावून राहिला?" मी विचारलं.

"माहीत नाही, भाऊ."

कोड उघडला. सिस्टिमकडे करायच्या दोन मागण्या लिहायला त्यानं मेमरीतली एकच जागा दिली होती. पहिली मागणी होती, फाईल मिळेपर्यंत थांब. ते 'थांब' तिथंच उरलं, म्हणून नुसतं विचारणारी दुसरी मागणीही थांबून राहिली.

"जागा वापस वापरतो, तर आधी साफ कावून नाही केली?"

त्यानं टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं. माझ्या बायकोनं त्यात करंज्या पाठवल्या होत्या.

"भाऊ, हा वहिनीचा डबा आपण रिकामा वापस देतो का?"

"यापुढं साफ करायचं," मी म्हटलं. "एक कण नाही राह्यला पाहिजे."

सकाळी तो डबा द्यायला आला. बायकोनं उघडला. आत लख्ख, कोरा. आमच्याकडे भांडण झाल्यावरच असा रिकामा डबा वापस येतो.

"काय चुकलं रे आमचं?"

नितीन शांतपणे म्हणाला, "भाऊनंच सांगतलं, वहिनी."

म्हणून तर आज चहा तुमच्याकडे पिऊन राहिलो.