लेथची घरघर

रामा चितारी, रामांचे केशव, केशवांचे सगुण आणि सगुणांचा हा गौरेश: पेडण्यातले पिढ्यान्‌पिढ्या लेथ फिरवून लाकूड कातणारे घराणे. दवाखान्यात तो पत्नी गौरवीसह माझ्या शेजारी बसला होता. दुसऱ्यांचे बोलणे मी ऐकत नसते. यांचे ऐकावे लागले.

“अहो, डॉक्टर माणसांना तपासतात. हे लेथचं बेअरिंग आहे.”

“छातीची घरघर ऐकतात, तर ह्याची ऐकायला काय झालं गो? रोज तेल घालतो, भुसा झाडतो, तरी घरघरतं.”

“नंबर लावताना नाव काय सांगितलंत?”

“लेथ सगुण चितारी.”

“आणि वय?”

“माझ्यापेक्षा मोठी.”

“अरे देवा!”

“थरथरून पाळण्याचे तीन खांब फुकट गेले. रविवारी गिऱ्हाइकाकडे बारसं, पोर काय जमिनीवर निजवायचं?”

नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी दारातच बेअरिंगला स्टेथोस्कोप लावला. गौरेशने ते बोटाने फिरवले.

“आत भुसा अडकलाय. रॉकेलने धुवा, नवं ग्रीस भरा.”

“तुमची फी?”

“माझ्या बारशाचा पाळणा तुमच्या वडिलांनी काही न घेता दिला होता. आज ते ऋण फिटलं.”

“सगळं नाही फिटलं, डॉक्टर. लेथला बेअरिंगं दोन असतात.”

गौरवीने पिशवीतून दुसरे काढले. डॉक्टरांनी डोळे मिटून तेही ऐकले.

“हे ठणठणीत आहे. आता सगळं फिटलं.”