कुणाला धाकधूक?

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, निवृत्तीनिमित्त आजचे सत्कारमूर्ती आमचे सर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या काकू, आणि लिफ्ट-दुरुस्ती विभागातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला भाषण येत नाही, अहवाल येतो. सुरुवात तशीच करते.

१. एका रुग्णालयाच्या लिफ्टचा ब्रेक आम्ही बदलला.
२. सगळी मापं बरोबर आली.
३. लिफ्ट सुरू करायच्या कागदावर सही करण्याआधी सरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला धाकधूक?"
४. मी म्हणाले, "मला आहे. कारण सांगता येत नाही."
५. सरांनी लिफ्ट बंदच ठेवली.
६. सगळं पुन्हा उघडून पाहिलं. काहीही सापडलं नाही.

मी तेव्हा नवी होते. वायरमन मामा म्हणाले, "एवढं शिकलात मॅडम, आणि मीटर छातीतला वापरता?" सगळे हसले. सर हसले नाहीत. "मामा, तिनं निदान सांगितलं. तुम्ही गिळून टाकता."

आता, धाकधूक म्हणजे नेमकं काय? भीतीला बोट दाखवायला कारण असतं. काळजीला माणूस असतो. धाकधुकीकडे दाखवायला काहीच नसतं, म्हणून चारचौघांत ती बोलून दाखवायची लाज वाटते. सरांनी तिच्याकडे पुरावा मागितला नाही. तिला एकच काम दिलं: पुन्हा एकदा बघायला लावायचं.

बहुतेक वेळा काही निघत नाही, हे मान्य करते. एकदा निघालं. त्या दिवशी "मला आहे" म्हणाले ते हेच मामा, तेही भिंतीकडे बघत. तिसऱ्या मजल्यावरच्या दाराचं कुलूप बसल्यासारखं दिसत होतं, बसत नव्हतं. लिफ्ट खाली असतानाही ते दार उघडलं असतं. दुसऱ्या दिवशी ते कुणी उघडलं असतं, याचा विचार मी करत नाही. म्हणजे, करत नाही असं म्हणते.

गेल्या आठवड्यात आम्ही सगळे "नाही" म्हणालो आणि सर म्हणाले, "मला आहे." उघडलं, पाहिलं, बंद केलं. पुन्हा उघडलं. शेवटी सर पायरीवर बसले. "ही लिफ्टची नाही गं. पहिली तारीख जवळ आली ना, तिची आहे." काकू, तुम्ही हसताय, त्या दिवशी आम्हाला हसता आलं नाही.

ही गोष्ट कार्यालयापर्यंत पोहोचली, आणि अध्यक्ष महोदय, आपलं परिपत्रक आलं: पहिल्या तारखेपासून, लेखी कारण नसेल तर लिफ्ट थांबवायची नाही. आपली बाजू मला कळते. बंद लिफ्टसमोर खोळंबलेल्या माणसांच्या शिव्या मीही खाल्ल्या आहेत. पण पहिल्या तारखेपासून सरांच्या जागी सही माझी असेल, आणि आत्ता इथे उभी असताना मला धाकधूक आहे. या वेळी तर कारणही सांगता आलं.

सर, तुम्ही मला विचारत राहिलात, त्याबद्दल आभार. निरोपाच्या दिवशी कामाचं बोलले, हे औचित्याला धरून नसेल, तर सर्वांनी पोटात घालावं.

अध्यक्ष महोदय, सही करण्याआधी तो प्रश्न मी विचारायचा की नाही, आणि कुणी "आहे" म्हणालं तर लिफ्ट थांबवायची की नाही, हे कृपया येत्या गुरुवारपर्यंत मला लेखी कळवावं.